ज्योत, टेंपो आणि दुसरा कंदील

गेल्या आठवड्यात हापिसात जेवणाच्या टेबलावर एक एक्सेल शीट उघडली गेली. आमच्या टीममधल्या बारा जणांनी रात्रभर चालणाऱ्या एका रिले रेसमध्ये नाव घातलंय. दोन गाड्या, बारा माणसं, आळीपाळीने पळायचं, उरलेल्यांनी गाडीत बसून पुढच्या टप्प्यावर जाऊन थांबायचं. शीटचं नाव 'पॅकिंग फायनल व्ही ७' आणि ओळी चौऱ्याऐंशी. हेडलॅम्प, हेडलॅम्पचे सेल, पॉवर बँक, प्रत्येकी तीन जोड मोजे, एनर्जी जेल, फोम रोलर, आणि चक्क एक फोल्डिंग खुर्ची.

"तूही बघ ना एकदा, काही राहिलंय का?"

मी बघितलं आणि मला एकदम एका टेंपोत अंथरलेली सतरंजी आठवली.

मी मूळचा ईटचा. भूम तालुका, जिल्हा धाराशिव (मी गाव सोडलं तेव्हा उस्मानाबाद, २०२३ पासून धाराशिव). ज्याला हे लोक आज 'ओव्हरनाइट टीम रिले' म्हणतात, ते आमच्या भागातली पोरं दरवर्षी करतात. फी नाही, टी-शर्ट नाही, मेडल नाही. त्याला ज्योत आणणं म्हणतात. भाद्रपद अमावास्येच्या सुमारास तुळजापूरला जायचं, भवानीच्या देवळात आपली मशाल पेटवून घ्यायची आणि ती न विझवता, पळत पळत, गावात घटस्थापनेला पोचवायची. तुळजापूर ते ईट रस्त्याने शंभरेक किलोमीटर. एकाने पाचशे-सातशे मीटर पळायचं, मशाल दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि मागून येणाऱ्या टेंपोत उडी मारायची. ज्यांनी हे बघितलेलं नाही त्यांनी घटस्थापनेच्या आदल्या रात्री सोलापूर-बीड रस्त्याला जाऊन उभं राहावं. दर थोड्या वेळाने एक टेंपो, पुढे पळणारा एक पोरगा आणि त्याच्या हातात जाळ.

रात्र कुठली निवडलीय बघा. सर्वपित्री अमावास्या, म्हणजे वर्षातल्या अंधाऱ्या रात्रींपैकी एक. पण निवडायचा प्रश्नच नाही, कारण तुळजाभवानीचं वेळापत्रक ठरलेलं आहे. भाद्रपद वद्य अष्टमीपासून देवी मंचकी निद्रा घेते आणि आश्विन शुद्ध प्रतिपदेच्या पहाटे पुन्हा सिंहासनावर येते. मग घट बसतात. त्यामुळे डेडलाईन पंचांगात छापलेली आणि ती पुढे ढकलायला मॅनेजर नाही.

तर विषय पॅकिंगचा. त्या शीटवरून मला जो प्रश्न पडला तो असा: पळणाऱ्या माणसाने बरोबर काय न्यायचं? याचं उत्तर शोधायला लागलो आणि शनिवार-रविवार गेला. (बायकोच्या मते दोन्ही वायाच गेले. असो.)

सुरुवात आपल्याच मुलखातून करू. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३३३ च्या सुमारास हिंदुस्थानात आला आणि महंमद तुघलकाच्या पदरी काही वर्षं राहिला. त्याने इथल्या टपालाचं जे वर्णन केलंय ते मुळातून वाचण्यासारखं आहे. टपाल दोन प्रकारचं, एक घोड्यावरचं आणि एक पायी. घोड्याची चौकी दर चार मैलांवर. पायी टपालाची मात्र दर मैलात तीन ठिकाणं. तिथे माणसं कंबर कसून तयार बसलेली. पळणाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी, काठीच्या टोकाला तांब्याच्या घंटा. तो जीव खाऊन पळत यायचा, घंटांचा आवाज ऐकून पुढचा उठून उभा राहायचा, पत्र हातात घ्यायचा आणि सुटायचा. इब्न बतूता म्हणतो की हे पायी टपाल घोड्याच्या टपालापेक्षा जलद होतं. सिंधमधून दिल्लीला जायला माणसाला पन्नास दिवस लागायचे, तिथे बातमी पाच दिवसांत पोचायची.

आता आपल्या मतलबाचा भाग. याच पद्धतीने सुलतानासाठी खुरासानची फळं यायची. आणि सुलतान दौलताबादेला असला की त्याला प्यायला गंगेचं पाणी यायचं, चाळीस दिवसांच्या वाटेवरून. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी मराठवाड्यात येऊन संपणारी, रात्रंदिवस चालणारी रिले होती. आणि एकेका पळणाऱ्याचं सामान काय? एक काठी आणि एक वस्तू. बास. पाण्याची बाटली नाही, मोज्यांचे तीन जोड तर नाहीतच, कारण त्याला पळायचं होतं मैलाचा तिसरा हिस्सा. घर, चूल, पाणी, अंथरूण सगळं चौकीवर. पळणारा हलका, कारण रस्ता जड आहे. रिलेची सगळी गंमत यात आहे. एकटा माणूस लांब निघाला की ओझं पाठीवर येतं. माणसं वाटून घेतली की ओझं रस्त्याच्या कडेला उतरतं.

पुढे साडेचारशे-पाचशे वर्षांनी इंग्रजांच्या डाक हरकाऱ्याच्या हातात तीच काठी दिसते, फक्त टोकाला भाला आणि त्याला घुंगरू. वॉरन हेस्टिंग्जने १७७४ मध्ये टपाल सर्वसामान्य लोकांसाठी खुलं केलं, शंभर मैलांना दोन आणे या दराने. बंगालच्या जंगलातून रात्री डाक जाताना पिशवीवाल्याबरोबर एक मशालजी आणि एक डुगडुगी वाजवणारा असायचा, श्वापदं दूर राहावीत म्हणून. उजेड, आवाज आणि पिशवी ही तीन माणसांची टीम. आमच्या टेंपोवर स्पीकरच्या भिंती का असतात याचं समर्थन मला करायचं नाही (कानाचे पडदे माझेही आहेत), पण रात्री पळणाऱ्याच्या पुढे-मागे आवाज हवा, हे डुगडुगीवाल्यालाही माहीत होतं.

जपानने तर हे सगळं खेळातच आणलं. २७ एप्रिल १९१७ ला क्योतोहून दोन संघ सुटले आणि तेवीस टप्प्यांत, दिवसरात्र पळत, सुमारे पाचशे किलोमीटरवरच्या टोकियोला पोचले. कारण काय, तर राजधानी टोकियोला आल्याला पन्नास वर्षं झाली होती. या शर्यतीला नाव दिलं 'एकिदेन', आणि हा शब्द आला जुन्या टपाल-चौक्यांच्या व्यवस्थेवरून. एकिदेनमध्ये हातात काठी नसते. खांद्यावरून तिरका घेतलेला कापडी पट्टा असतो, तो काढून पुढच्याच्या खांद्यावर द्यायचा. जगातल्या सगळ्यात हलक्या सामानांपैकी ते एक असावं. आमची पोरं जिचा अवतार करू बघताहेत ती अमेरिकन पद्धत बरीच नंतरची. ओरेगॉनमधली 'हूड टू कोस्ट' १९८२ साली सुरू झाली. आता तिथे बारा जणांची टीम, छत्तीस टप्पे, जवळजवळ ३२० किलोमीटर आणि प्रत्येक टीमच्या दोन व्हॅन. चौक्यांना चाकं लागली एवढाच फरक. पण चाकं लागली की माणसाची हाव सुटते. चौकीवर खुर्ची नेत नव्हते, व्हॅनमध्ये नेतात. चौऱ्याऐंशी ओळी तिथून आल्या.

आता जाळाकडे येऊ. टपाल आणि मशाल हे दोन वेगळे विषय वाटतात, पण त्यांची सांगड हिरोडोटसने अडीच हजार वर्षांपूर्वी घालून ठेवलीय. सालामिसच्या पराभवाची बातमी इराणला कशी गेली हे सांगताना तो इराणी टपालाची पद्धत समजावतो आणि म्हणतो, हे ग्रीकांच्या हेफाइस्टॉस देवाच्या मशाल-शर्यतीसारखं आहे. अथेन्समध्ये संघ करून हातोहात मशाल नेत पळायचे. नियम एकच. पहिला येऊन उपयोग नाही, मशाल पेटती हवी. विझली की बाद.

बरेच लोक सांगतात, अगदी टीव्हीवरही ऐकलंय, की आपली ज्योत ऑलिंपिकवरून आली. मला ते अर्धंच पटतं. ऑलिंपिकची ज्योत पळवायची पद्धत १९३६ ची. कार्ल डीम नावाच्या जर्मन संयोजकाच्या डोक्यातून निघालेली, हिटलरच्या राजवटीत, बर्लिनच्या खेळांसाठी. २० जुलैला ऑलिंपियात आरशाने सूर्यकिरण गोळा करून पेटवली, तीन हजारांहून जास्त लोकांनी हातोहात १ ऑगस्टला बर्लिनला नेली. मशाली केल्या क्रुप कंपनीने, ज्यांचा खरा धंदा तोफांचा. सणासुदीच्या वस्तूंच्या मागे असा इतिहास निघाला की जरा कसंतरीच होतं.

पण भवानीचा जाळ त्याच्या कितीतरी आधीचा. गोंधळी आणि भुत्ये हातात पोत घेऊन नाचतात, तो पोत म्हणजे कापड पिळून तेलात भिजवलेली मशालच. दिवटी आणि बुधली ही जोडी आजही कुलाचाराच्या घरांत देव्हाऱ्याशेजारी सापडेल. दिवटी म्हणजे धरायची मशाल आणि बुधली म्हणजे तिच्यावर तेल घालायचं चंबूसारखं भांडं. लक्षात घ्या, दोन्ही एकत्र. नुसती दिवटी घेऊन कोणी निघत नाही. मराठी फौजेत आणि वाड्यांवर दिवटी धरणारे लोक असत, दिवटे हे आडनाव आजही आहे. (घराण्याचे 'दिवटे चिरंजीव' का म्हणतात हे मात्र मला वडिलांनी लहानपणी वेगळ्या संदर्भात समजावलं होतं.) तेव्हा माझं मत असं, की टेंभा आपला, आणि हातोहात पळायची रीत कदाचित शाळेच्या क्रीडा महोत्सवांतून वगैरे आली असेल. संगम कुठेतरी ग्राउंडवर झाला असावा.

रात्रभराच्या सगळ्या रिले काही जाळ घेऊन झालेल्या नाहीत. आपल्या इतिहासातली सगळ्यात प्रसिद्ध अशी रात्र जुलै १६६० मधली, पन्हाळा ते विशाळगड. सुमारे सहाशे माणसं, पालखी, धो धो पाऊस, भोयांनी खांदे बदलत चिखलातून पळायचं. आषाढी पौर्णिमा, पण चंद्र ढगात, आणि त्यांना तोच हवा होता. तिथे मशाल म्हणजे मरण. पण तीही रिलेच होती, खांद्यांची. आणि तुळजापूरचा स्वतःचा असा एक खांद्यांवरचा प्रवास आहेच. दसऱ्यानंतर देवी ज्या पलंगावर निजते तो पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून येतो, पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून, आणि गावोगावची माणसं त्यांना खांदा देतात. तुळजापूरला जाणारं बरंच काही असं हातोहातच जातं. आमची ज्योत तेवढी उलट्या दिशेने येते.

बरं, आता २००२ ची गोष्ट. जी सांगायला मी इतकं गुऱ्हाळ लावलं.

त्या वर्षी ज्योतीचं सामान माझ्याकडे होतं. पोरांत मी 'हुशार', कारण कॉलेजला पुण्याला होतो, म्हणून यादी माझी. मी वहीच्या पानावर लिहून काढली. लोखंडी मशाल एक. सुती चिंध्या, जुन्या धोतराच्या आणि लुगड्याच्या, कारण टेरिकॉट वितळून हातावर गळतं. करडईच्या तेलाचा डबा. बांधायला तार. हळदकुंकू, परडी, नारळ. बऱ्याच जणांचे उपवास असल्यामुळे केळी, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू आणि गावातून मिळालेला किलोभर खव्याचा पेढा (भूमचा खवा, त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन, तो अर्ध्या परिच्छेदात उरकायचा विषय नाही). पाण्याचे दोन कॅन. पायांना लावायला खोबरेल, कारण निम्मी पोरं नवरात्रात अनवाणी. दोन बॅटऱ्या. टेंपोत सतरंजी. आणि कंदील.

कंदिलाचं काम असं. देवळातून मशाल पेटवली की त्याच जाळावर कंदिलाची वात लावायची आणि काच खाली करून तो टेंपोत केबिनच्या मागे टांगायचा. मशाल वाऱ्याने गेली तर कंदिलावरून पुन्हा लावता येते. तो आमचा बॅकअप. ऑलिंपिकवाले हेच करतात, खाणकामगारांच्या दिव्यांत मूळ ज्योत वेगळी जपतात. तिची गरज १९७६ मध्ये माँट्रियलला पडलीच. पावसाने स्टेडियममधली ज्योत विझली आणि तिथल्या एका माणसाने सरळ सिगारेटच्या लायटरने पेटवून दिली. संयोजकांना कळल्यावर त्यांनी घाईघाईने ती विझवली आणि राखीव दिव्यावरून पुन्हा लावली.

मी कंदील घेतला होता. रॉकेल भरलं का हे बघितलं नव्हतं.

दुपारी चारला तुळजापूर सोडलं. उस्मानाबाद आलं तेव्हा दिवेलागण झालेली. येडशीच्या पुढे पाऊस सुरू झाला. परतीचा पाऊस आमच्याकडे असाच येतो, अर्धा तास, पण ढग फुटल्यासारखा. येरमाळ्याच्या अलीकडे रात्रीचे साडेअकरा-बारा असतील. पुढे पळणारा पोरगा थांबला आणि त्याने नुसता हात वर केला. हातात काळा गोळा, त्यातून धूर.

"ईझली," तो म्हणाला.

मी केबिनमागे हात घातला. कंदील थंड होता. कधी गेला होता कुणाला माहीत. स्पीकरच्या दणक्यात आणि गाण्यात कुणाचं लक्षच नव्हतं. दोन्ही दिवे एकाच टेंपोत, एकाच पावसात, आणि एक रिकामा. आज मी ज्याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणून मीटिंगमध्ये ज्ञान देतो, ते मला त्या रात्री समजलं. पगार नंतर मिळायला लागला.

टेंपो कडेला घेतला. तीसेक पोरं गप्प. एकाने खिशातून काडेपेटी काढली. "कुनाला कळतंय?" तो हळूच म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. पुढे गावात कुणालाच कळलं नसतं. आरती झाली असती, घट बसले असते. दुसरा म्हणाला, येडेश्वरीचं देऊळ जवळ आहे, तिथून लावू, ती पण देवीच. तिसऱ्याने मोटरसायकलवर तुळजापूरला परत जायची तयारी दाखवली, म्हणजे जाऊन-येऊन शंभरच्या वर, पावसात, रात्री. आबा आमच्याबरोबर होते, सत्तरीच्या जवळचे, दरवर्षी केबिनमध्ये बसून यायचे. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ते मात्र माझ्याकडे बघत होते.

"यादी तूच केल्ती ना, बाळा?"

"हो आबा."

"काडी लावायची का?"

मी काही बोललो नाही. आजही ती शांतता मला आठवते. काडी लावली असती तर ते माझं खोटं आयुष्यभर माझ्याजवळ राहिलं असतं, आणि तीस पोरांजवळही. पण मोटरसायकलवर एका पोराला पाठवायचं म्हणजे ट्रकांच्या रस्त्यावर माझ्या चुकीसाठी त्याने जायचं. मी म्हणालो, "मीच जातो परत." गाडी चालवायला मला नुकतीच यायला लागली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. आबा म्हणाले, "बस खाली. जरा थांब." आणि ते तंबाखू मळायला लागले.

पाऊस ओसरला. वीस-पंचवीस मिनिटांनी मागून आवाज यायला लागला. संबळ, मग स्पीकर, मग एक ठिपका. दुसऱ्या गावची ज्योत. तीही तुळजापूरहूनच, आमच्यानंतर तास-दीड तासाने निघालेली. आबा रस्त्यात उभे राहिले आणि हात जोडले. ती पोरं थांबली. कुणी कारण विचारलं नाही, आमची काळी मशाल बघून समजलं त्यांना. नवी चिंधी बांधली, तेल ओतलं, जाळाला जाळ लावला. त्यांच्यातल्या एकाने आमचा कंदील उचलून हलवून बघितला, काही न बोलता त्यांच्या कॅनमधलं अर्धा लिटर रॉकेल त्यात ओतलं आणि निघून गेला.

पुढचा रस्ता नेहमीसारखा. तेरखेड्यात फटाक्यांचे कारखाने आणि दुकानं, तिथून जाळ घेऊन जाताना आबा केबिनमधून "मधून पळा रं, मधून!" असं ओरडत होते. वाशीच्या पुढे हायवे सोडून डावीकडे वळलो. गावात पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते, वेशीवर बायका आरत्या घेऊन उभ्या.

घट बसल्यावर पाराजवळ वाद झालाच. ज्योत विझली हे आम्ही लपवलं नाही, आबांनीच सांगितलं. काहींचं म्हणणं पडलं की ती आता त्या गावची ज्योत झाली, आपली नाही. आबांचं म्हणणं, जाळाला गाव नसतं, देऊळ एकच आहे. अथेन्सच्या नियमाने आम्ही बाद होतो. माँट्रियलच्या नियमाने पास. निकाल काही लागला नाही. दुपारी जेवायच्या वेळेला सगळे उठून गेले.

मी त्यानंतर तीन वेळा ज्योतीला गेलो. आता पळणं होत नाही, पण यादी अजून माझ्याकडूनच जाते, व्हॉट्सअ‍ॅपवर. ती बदललीय. रस्ता आता रुंद आहे, ट्रक जोरात येतात, आणि दरवर्षी नवरात्राच्या सुरुवातीला कुठल्यातरी रस्त्यावर ज्योतीची पोरं गाडीखाली आल्याची बातमी असतेच. म्हणून यादीत सगळ्यात वर रिफ्लेक्टरचे जॅकेट, प्रत्येकाला एक, फक्त पळणाऱ्याला नव्हे. टेंपोच्या मागे लाल दिवा. मागे फळीवर कुणी बसायचं नाही. आवाज इतकाच की हॉर्न ऐकू येईल (हे कुणी पाळत नाही, मी लिहितो). आणि कंदील दोन, एक टेंपोत, एक मागून येणाऱ्या मोटरसायकलवर.

हापिसातल्या पोरांना मी शीट परत पाठवली. खुर्ची काढून टाका म्हटलं, फोम रोलर एकच पुरे. हेडलॅम्प ठेवा, पण राखीव हेडलॅम्प दुसऱ्या गाडीत ठेवा आणि निघताना एकदा पेटवून बघा. त्यावर एकाने रिप्लाय दिला, "सेल नवीनच आहेत, बॉक्समधून काढलेत."

मी त्याला फोन केला आणि म्हटलं, काढून बघ. बघितलं तर सेलवरचा प्लॅस्टिकचा कागद तसाच होता.